टाकीवरचा शनी

आमच्याकडे त्या काळी दिवे जायचे तेसुद्धा वेळापत्रकाने. पेपरात भारनियमनाचा तक्ता छापून यायचा, आई तो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची आणि घरातला सगळा स्वयंपाक त्या कागदाच्या धाकात चालायचा. मिक्सर फिरायचा तो सातच्या आत. सात वाजले की ठाकुर्ली पूर्वेचा आमचा सगळा पट्टा पावणेनऊपर्यंत काळोखात. दिवे जाताना बिल्डिंगच्या चारही मजल्यांवरून एकदम "हाऽऽ" असा आवाज निघायचा, मग पंख्यांची घरघर मंदावत थांबायची, मग कुठे आगपेटी, कुठे ठेच लागलेल्या पायाची शिवी. आईची भाकरी थापायची लय मात्र चुकत नसे. तिला उजेड लागायचाच नाही, ती भाकरी वासावरून उलटायची. सोबत सुकटीची चटणी आणि फोडलेला कांदा. आजही कुठे सुकट भाजल्याचा वास आला की माझा हात आपोआप मेणबत्ती शोधायला लागतो.

पप्पा त्या वेळी घरी नसायचे. ते महापालिकेच्या पाणीखात्यात आहेत, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे ते चावीवाले होते. रस्त्याखालचा व्हॉल्व्ह फिरवायची ती छातीएवढी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून सकाळी गल्लोगल्ली पाणी सोडत फिरायचं, आणि संध्याकाळी आमच्या मागच्या टेकडीवर, पाण्याच्या टाकीपाशी ड्युटी. टाकी किती भरली ते बघायचं आणि नऊ वाजता रात्रीचं पाणी सोडायचं. पाणी आलं तर ते नळाला आलेलं असायचं. नाही आलं तर ते पप्पांनी सोडलेलं नसायचं. या न्यायाने आमची बिल्डिंग वर्षानुवर्षं त्यांच्याशी बोलत आली. त्यातला पहिला मान समोरच्या परब काकूंचा. सकाळी पप्पांची सायकल कोपऱ्यावर दिसली रे दिसली की काकू बादली घेऊन गॅलरीत यायच्या आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "ओ चावीवाले, नळातून पाणी सोडलंय की आत कोण रडतंय?"

"प्रेशर वाढतंय काकू, पाच मिन्टं," पप्पा हसत म्हणायचे आणि पुढे जायचे. त्यांना खरोखरच काही वाटायचं नाही. त्यांच्या वाटणीचं सगळं मला वाटायचं. मी अकरावीत होते, आणि त्या वयात माणसाला आपले आईवडील शक्यतो अदृश्य असावेत असं वाटत असतं. माझे तर खांद्यावर चावी घेऊन भर रस्त्यातून चालायचे. आज हे लिहिताना त्या मुलीचा कान पिरगाळावासा वाटतो. पण तेव्हा मी रस्त्यात ते दिसले तर समोरच्या दुकानातल्या वह्या फार लक्ष देऊन बघायचे, हे खोटं कशाला सांगू?

घराबाहेर मला एक वेगळी जागा मिळालेली होती, ती म्हणजे बर्वे काकांचं आकाशदर्शन मंडळ. बर्वे काका जन्मभर वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गॅलरीत एक पिंप ठेवलं, पिंपावर जाड काच ठेवली आणि वर्षभर त्या काचेवर दुसरी काच घासत पिंपाभोवती फिरत राहिले. त्यातून आठ इंची आरसा तयार झाला. बर्वे काकू येईल त्याला सांगायच्या, "लोक देवाला प्रदक्षिणा घालतात, आमच्याकडे पिंपाला घालतात." तो आरसा एका जाड पाइपात बसवून, खाली प्लायवूडची पेटी करून जी दुर्बीण झाली तिला आम्ही तोफ म्हणायचो, कारण रिक्षावाल्यांपासून हवालदारापर्यंत प्रत्येक जण आधी तेच विचारायचा.

मंडळाचे काही नियम होते. पहिला म्हणजे लोकांसाठीचं आकाशदर्शन भारनियमनाच्या तक्त्यानुसार. सगळं गाव ज्या कागदाला शिव्या घालायचं तो कागद बर्वे काका पाकिटात घडी करून जपायचे. दिवे गेले की शाळेच्या मैदानावर खरोखरचं आकाश उतरायचं, तेही फुकटात. दुसरा नियम, जो दाखवतो तोच बोलतो. तोफेपाशी जो उभा असेल त्याच्याच हातात भोंगा. आणि तिसरा नियम वहीचा. काय पाहिलं, किती वाजता, कसं दिसलं, हे तिथल्या तिथे पेनने लिहायचं. चुकलं तर खोडायचं नाही, खाली दुसरी नोंद करायची. "खोडलेली वही आणि पुसलेली पाटी सारखीच," असं काका म्हणायचे. ते पुण्याकडचं स्वच्छ मराठी बोलायचे, त्यामुळे साधं बोलले तरी शिलालेख वाचल्यासारखं वाटायचं.

तोफ नेहमी सुहास चालवायचा. सुहास इंजिनीअरिंगला होता आणि शनीचा शोध आपणच लावला अशा थाटात तो दाखवायचा. मी रांग सांभाळायचे, "काका, आयपीसला हात लावू नका, काकू, पदर सांभाळा" एवढंच माझं खगोलशास्त्र. पण त्या आठवड्यात सुहासच्या उजव्या डोळ्याला रांजणवाडी झाली. डोळा सुजून लिंबाएवढा झाला. लोकांनी शनीच्या आधी त्याच्याकडेच बघितलं असतं. बर्वे काकांनी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले, "प्रज्ञा, परवा दुर्बीण तुझ्याकडे. नीट झालं तर यापुढेही तुझ्याकडेच."

मी हवेत. पण एक अडचण होती. त्या दिवसांत शनी संध्याकाळी टेकडीच्या मागून वर यायचा, आणि टेकडीवरच्या टाकीचा मोठा हॅलोजन जनरेटरवर चालायचा, त्यामुळे दिवे गेले तरी तो चालूच. त्याचा झोत सरळ मैदानावर. "तिथे कुणाशी बोलावं लागेल?" काकांनी विचारलं.

"मी बघते," मी म्हटलं. "टाकीवर माझी ओळख आहे."

ओळख! जन्मदात्या बापाशी माझी ओळख होती. सुहास तर म्हणाला, "भारीये रे हिची सेटिंग." मी आपली गालातल्या गालात हसले.

त्या रात्री पप्पा जेवत असताना मी विषय काढला. आमच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि शनी-राहूला उंबऱ्याच्या आत यायची मनाई होती, त्यामुळे शनी म्हटल्यावर पप्पांनी आधी भुवया वर केल्या. मी सांगितलं, की तो फक्त ग्रह आहे, त्याला कडं आहे आणि तो मी दाखवणार आहे. "तू दाखवणार?" त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, "मग हॅलोजन काय, म्हणशील तर चंद्रपण बंद करतो. माझ्या जेवणाचं मी बघून घेईन. तू काळजी नको करूस." मी त्यांना बघायला बोलावलं नाही. ड्युटी असते ना, असं मी मनात म्हटलं. ते किती सोयीचं कारण होतं ते मला तेव्हाही कळत होतं.

तो दिवस उजाडला. सातला दिवे गेले, "हाऽऽ" झालं, आणि बरोब्बर त्याच मिनिटाला टाकीवरचा हॅलोजनही गेला. पप्पांनी शब्द पाळला होता. मैदान भरलेलं. लहान पोरं, कुणाचे आजोबा घडीची खुर्ची घेऊन, पोळीभाजी केंद्रवाल्या बायका. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बर्वे काका लांब झोताच्या बॅटरीने मृग नक्षत्र दाखवत होते. सुहास गॉगल घालून, होय, अंधारात गॉगल घालून, रांगेवर. आणि तोफेपाशी मी. काकांनी जाताना सांगितलं होतं, "टाकीच्या जरा डावीकडे, पिवळसर. लुकलुकत नाही, ही खूण. तारे लुकलुकतात, ग्रह नाही."

टेकडी आणि आकाश दोन्ही सारखंच काळं झालं होतं. मी तिकडे बघितलं तर अगदी सांगितल्याप्रमाणे पिवळसर, स्थिर, एकटा ठिपका. तोफेवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीत धरला, आयपीसला डोळा लावला, फोकस फिरवला. ठिपका पसरत गेला, मोठा झाला, आणि मधोमध काळं भोक पडून त्याचं लखलखीत पिवळं कडं झालं. माझ्या तोंडातून किंकाळीच फुटली. भोंगा तोंडाला लावून मी ओरडले, "शनीचं कडं दिसतंय! एकेकाने या!" वहीत लिहिलं, 'शनी, सात पस्तीस, कडं अत्यंत स्पष्ट.' अत्यंत शब्दाखाली रेघ.

रांगेत तिसऱ्या परब काकू. एका हातात वाटी, वर ताटली. त्यांच्या नितीनला साडेसाती लागली होती आणि त्याचं लग्न जमत नव्हतं. खरं कारण नितीनच होता, पण आईला ते कोण सांगणार? "तेल कुठे वाहायचं गं?" त्यांनी विचारलं आणि वाटी पाइपाच्या तोंडाकडे नेली.

"काकू! आत आरसा आहे!" मी त्यांचा हात धरला. "वर्षभर घासलाय काकांनी!"

"मग एवढ्या लांबून आलेय ती काय नुसती बघायला?" शेवटी त्यांनी वाटी प्लायवूडच्या पेटीपाशी ठेवली, आयपीसला डोळा लावला आणि एकदम गप्प झाल्या. काकू गप्प झालेल्या मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मग त्यांनी डोळा तसाच लावून हात जोडले. "किती शांत आहे गं! बाबा रे, काय चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल. माझ्या पोराला सोड."

पुढच्या पाऊण तासात साठ-सत्तर माणसांनी कडं बघितलं. प्रत्येक जण "आई शप्पथ" किंवा "अरे बापरे" म्हणून बाजूला व्हायचा, आणि मी दर वेळी थोडी उंच होत होते. परत रांगेच्या शेवटी जाऊन लोक दुसऱ्यांदा यायला लागले. तेवढ्यात बर्वे काका आले. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि सहज विचारलं, "छान चाललंय. किती वेळा सरकवावी लागली?"

"एकदाही नाही काका," मी अभिमानाने म्हटलं. "अशी काय सेट केलीये ना, जागची हलली नाही."

काकांचा हात पाठीवरच थांबला. मला अजून कळलं नव्हतं. मग हळूहळू कळायला लागलं. पृथ्वी फिरते. आकाशातली कुठलीही वस्तू दोन-तीन मिनिटांत दुर्बिणीतून सरकून जाते. सुहास दर तीन माणसांनी पाइपाला टिचकी मारायचा तो त्यासाठी. जे पाऊण तास जागचं हललं नाही ते आकाशातलं नव्हतंच. काकांनी रांग थांबवली, वाकून डोळा लावला आणि फोकस उलटा फिरवायला लागले. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

"काका?"

"शनी महाराज," काका अगदी शांतपणे म्हणाले, "भाकरी खातायत."

मी बघितलं. कडं आवळत जाऊन त्याचा कंदील झाला होता. टाकीच्या चौथऱ्यावर ठेवलेला, वात बारीक केलेला कंदील. आमच्या आरशात सगळं उलटं दिसतं, म्हणून कंदील वरून टांगल्यासारखा, त्याच्या बाजूला उघडा डबा, आणि डोकं खाली पाय वर असे पप्पा. मांडीवर भाकरी घेऊन सावकाश कांदा चावत होते. जेवणाचं मी बघून घेईन, असं ते म्हणाले होते. ते त्यांनी असं बघितलं होतं. खरा शनी अजून टेकडीच्या मागेच होता. फोकस सुटला की कुठल्याही उजेडाच्या ठिपक्याचं या दुर्बिणीत कडं होतं, मधला छोटा आरसा आड येतो म्हणून. हे मला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. परीक्षेत लिहिलंही असतं.

"या गृहस्थांना ओळखतेस का?" काकांनी विचारलं. टाकीवर माझी ओळख आहे, हे त्यांच्या लक्षात होतं.

सुहासने गॉगल वर करून एक डोळा लावला आणि लगेच कुजबुजला, "अगं सोड ना. पाच-दहा मिन्टांत खरा वर येईल. गुपचूप सरकव. कोणाला काय घंटा कळतंय? सगळे खूश होऊन घरी जातायत."

तो म्हणत होता ते बरोबर होतं. सगळे खूश होते. नितीनचंसुद्धा कदाचित जमलं असतं. मी फक्त पाइपाला एक टिचकी मारायची होती. दुर्बीण माझ्याकडे राहिली असती, चावीवाल्याची पोरगी म्हणून मंडळात कुणी मला ओळखलं नसतं, आणि पप्पा टेकडीवर आपले निवांत जेवत राहिले असते. बर्वे काकांनी फक्त भोंगा उचलला आणि माझ्या हातात दिला. मी दुसऱ्या हातातल्या वहीकडे बघितलं. अत्यंत स्पष्ट, खाली रेघ. मला रडायला येत होतं, आणि मधूनच, तो उलटा कांदा आठवून, हसायलाही.

"ऐका जरा," मी भोंग्यात म्हटलं, आणि माझा आवाज मलाच परब काकूंसारखा वाटला. "आत्तापर्यंत तुम्ही जे बघितलं तो शनी नव्हता. चूक माझी आहे. तो टाकीवरचा कंदील होता." इथेच थांबता आलं असतं. मी श्वास घेतला. "तिथे माझे पप्पा जेवतायत. ते आपले चावीवाले आहेत. त्यांनी आपल्यासाठीच मोठा लाइट बंद ठेवलाय. खरा शनी दहा मिनिटांत येईल. प्लीज, कोणी जाऊ नका."

आधी कुणीतरी फिस्सकन हसलं, मग मैदानच हसायला लागलं. एक गृहस्थ "टाइमपास लावलाय" म्हणत पोराला ओढत निघून गेले. सुहास मान हलवत, "एक नंबर येडी आहेस तू," असं म्हणाला आणि बॅटरी घेऊन टेकडीच्या वाटेने पळत सुटला, कंदील विझवायला सांगायला. हसण्याच्या मधून परब काकू वाट काढत माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"म्हणजे," त्या एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "मी नमस्कार कोणाला केला?"

"पप्पांना," मी म्हटलं.

"आणि काय चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल, हे?"

"तेपण पप्पांनाच."

काकूंनी टेकडीकडे बघितलं. त्या नक्की काय म्हणणार होत्या ते राहूनच गेलं, कारण तेवढ्यात वाटेवरून पिवळा ठिपका हलत हलत खाली येताना दिसला. सुहासने कंदील विझवायला सांगितलं होतं. पण पोरीचं काहीतरी बिघडलं एवढंच ऐकून पप्पा हात न धुताच, कंदील घेऊनच निघाले होते. मैदानावर आले, आणि एवढी माणसं आपल्याकडे बघतायत हे बघून गोंधळले. "माझ्यामुळे झालं काय?" त्यांनी बर्वे काकांना विचारलं. "पोरीला बोलू नका साहेब. तिने सांगितलेलं लाइट बंद ठेवा म्हणून. मीच कंदील लावला. अंधारात काटा गिळला जातो."

"आपण बसा," बर्वे काका म्हणाले. "तासभर आम्ही सर्व जण आपल्याकडेच पाहत होतो."

पप्पांनी कंदील विझवला. मी टाकीच्या डावीकडे, टेकडीच्या कडेवर नजर लावून बसले होते. आला. तितकाच पिवळसर, तितकाच स्थिर, पण बघता बघता कडेपासून सुटून वर चढणारा. धरला, फोकस केला. खरा शनी त्या खोट्याच्या मानाने अगदीच लहान होता, कानातल्या कुडीएवढा. पण त्याला कडं होतं, आणि कडं व गोळा यांच्यामध्ये काळी फट होती, आणि तो सरकत होता. मी पाइपाला टिचकी मारली. ती टिचकी मारताना झाला तेवढा आनंद मला आयुष्यात पुन्हा फार कमी वेळा झाला.

रांग पुन्हा लागली. पुढे परब काकू. त्या आयपीसपर्यंत आल्या, थांबल्या आणि बाजूला सरकल्या. "चावीवाले, तुम्ही बघा आधी. तुम्हाला नऊला पाणी सोडायचंय."

"नाही नाही काकू, तुम्ही..."

"बघा म्हणते ना! एकदा नमस्कार केलाय, आता काय परत घेता येतो?"

पप्पांनी चपला काढल्या. कशाला ते मला माहीत नाही. वाकले आणि खूप वेळ बघत राहिले. मागे कुणी घाई केली नाही. "हलतोय गं हा," ते म्हणाले.

"हलणारच. हलतो म्हणून तर खरा."

"आणि यालाच लोक घाबरतात? काय वाईट झालं की याचंच नाव?" त्यांनी डोळा काढला नाही. "उगाच. बिचारा आपली ड्युटी करतोय." मग सरळ उभे राहिले, लुंगीला हात पुसले आणि माझ्या डोक्यावर ठेवायला गेले, पण हाताला सुकटीचा वास होता म्हणून मध्येच थांबले. मीच डोकं पुढे केलं. सगळ्यांसमोर.

पावणेनऊला दिवे आले, पुन्हा "हाऽऽ" झालं, आणि पप्पा टेकडी चढून गेले. ग्रहाला शहराच्या दिव्यांनी फारसा फरक पडत नाही. रांग संपेपर्यंत आम्ही दाखवत राहिलो. बर्वे काका रांगेच्या टोकाला उभे राहून लोकांना सांगत होते, "दुर्बीण प्रज्ञाची आहे. तिला विचारा." तेलाची वाटी काकू विसरून गेल्या होत्या. ती मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिली, आणि त्या सकाळी पाणी बारीक येऊनही गॅलरीतून आवाज आला नाही. फार दिवस टिकलं नाही ते. आठवड्याने पुन्हा सुरू झालं. पण आता त्या शेवटी "जेवलात का?" असंही विचारायच्या.

आज माझ्या फोनमध्ये असं काही आहे, की आकाशाकडे धरलं की प्रत्येक ठिपक्याचं नाव येतं. पोरं मला ते कौतुकाने दाखवतात. पप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली. बर्वे काकांनी जाताना वही मला दिली, ती माझ्याकडे आहे. 'शनी, सात पस्तीस, कडं अत्यंत स्पष्ट' ही ओळ तशीच आहे, खोडलेली नाही. त्या रात्री टाकीवरचा हॅलोजन पुन्हा लागल्यावर, सामान आवरताना मी दुर्बीण एकदा टाकीकडे वळवली होती, आणि फोकस या वेळी नीट लावला होता. वहीत त्याखालीच, त्याच पेनने, दुसरी नोंद आहे. 'वरची नोंद चूक. नऊ पाच. माझे पप्पा. पाणी सोडताना. अत्यंत स्पष्ट.'